नऊ देश आणि साडेपाचची एसटी

आमच्या भाऊबंदातले एक गृहस्थ आठ दिवस सिंगापूरला जाऊन आले. पुढं दोन वर्षं त्यांनी कोणाला चहा गार झाला एवढंसुद्धा बोलू दिलं नाय. लगेच "तिकडं चहा कसा असतो" सुरू. माझा प्रवास त्यांच्याहून मोठा हाय. अंतर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, पण त्यात नऊ देश आले. तुम्ही कोणी तिकडं गेलेले नसणार. आपल्याला तिकडं जायची गरजच पडत नाय, तिकडचेच लोक रोज सकाळी आपल्याकडं येतात. म्हणून सांगतो.

गंगापूर रोड

दोन हजार साल लागायच्या आधीचा हिवाळा. गिरणाऱ्याच्या अलीकडं माझी अडीच एकर, त्यात टमाटे आणि कडंकडंनं झेंडू. गंगापूर रोडला एक रिटायर प्राध्यापक राहायचे, त्यांच्या घरी मी भाजी टाकायचो. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. एक दिवस सरांनी मला आत बोलावून सोफ्यावर बसवलं. मी टेकलो, सगळा नाय बसलो. पँटीला माती होती.

"दौलतराव, परिषद भरवतोय," सर म्हणाले. "राष्ट्राराष्ट्रांमधला न्याय हा विषय. श्रीमंत देशांनी गरीब देशांशी कसं वागावं, यावर नऊ देशांतले लोक बोलणार आहेत."

"चांगलं हाय सर. कोणीतरी बोलायलाच पाहिजे. माळा किती लागतील?"

"माळा लागतीलच. पण मला एक माणूस हवाय. तळागाळातला. ज्याच्याविषयी आम्ही बोलणार, तो स्वतः बोलेल असा."

मी लाजून खाली बघितलं. म्हणलं, "सर, मी दुसरीतनं शाळा सोडलेली हाय. सोडली म्हणजे मास्तरांनीच सोडवली. मला कसं जमणार?"

"अहो, तुम्ही नाही! तुमच्याकडे विहीर आहे, मोटर आहे, टेम्पो आहे. तुमच्याकडे डोंगरातून मजूर येतात ना, त्यांच्यातलं कोणी."

आता बघा. तलाठ्याच्या पायरीवर मी जन्मभर गरीब होतो. पाहुण्यांत गरीब होतो, लग्नात आहेर करताना तर लयच गरीब. आणि सरांच्या सोफ्यावर दोन मिनिटांत श्रीमंत झालो, घरात एक चमचासुद्धा न वाढता. घरी येऊन बायकोला, मंदाला सांगितलं, तर ती म्हणाली, "झालाच श्रीमंत, तर मिक्सर आणा आधी."

गिरणारे

ज्यांना माहीत नाय त्यांना सांगतो. सकाळी सात-साडेसातला गिरणाऱ्याच्या चौकात हरसूल-पेठेकडचे मजूर येऊन उभे राहतात. बाया, गडी, फडक्यात भाकरी बांधलेली. आपण टेम्पो लावायचा, खाली उतरायचं आणि बघायचं. हात बघायचे, दंड बघायचे. तू ये, तू ये, तू नको. नको म्हणलं तो मागं सरकतो. यात मी हुशार समजला जायचो. हात बघून सांगायचो, हा किती क्रेट तोडील.

त्या दिवशी मी टेम्पोच्या फळीवर उभं राहून विचारलं, "नाशिकला सभा हाय. परदेशी लोक येणार. कोण बोलेल?"

सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी फळीवरून हळूच खाली उतरलो. एक गडी म्हणाला, "शेठ, चौकात कामाचं बोलायचं. बाकीचं पाड्यावर येऊन विचार."

वीस वर्षं हे लोक माझ्याकडं येत होते. त्यांचा पाडा कुठल्या बाजूला हाय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

पाडा

रस्ता चांगला हाय, म्हणजे रस्ता हाय. डाव्या हाताला धरणाचं पाणी चकाकतं, तेच पाणी खाली येऊन माझा झेंडू भिजवतं. मग चढ लागतो. नागली कापून झालेल्या उतरणी, त्यात उभी जळकी सागाची झाडं. चढात टेम्पोनं वाफ सोडली. मी बॉनेट उघडून त्याच्याकडं डॉक्टरसारखं बघत उभा. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन वर चालली होती. तिनं काय विचारलं नाय, हंडा खाली घेतला, अर्धा रेडिएटरमध्ये ओतला आणि अर्धा घेऊन गेली. झरा खाली दरीत होता. आमच्याकडं तर कोणाला पाणी द्यायला नुसती मोटर चालू करायची असली, तरी आम्ही आधी त्याचं नाव विचारतो.

पाड्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड हाय. मी टेम्पो तसाच आत घालायला लागलो, तर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याला काळूबाबा म्हणतात, पाड्याचा कारभारी.

"काम हाय?"

"हाय बाबा."

"मंग तिथं दगडापाशी उभा रेह. कोणी घेईल."

त्या पाड्याची रीतच तशी. काम घेऊन आलेला परका माणूस दगडापाशी थांबतो. ज्याला वाटेल तो त्याला आपल्या घरी नेतो, आणि मग पाहुण्याच्या बऱ्यावाईटाला तो जबाबदार. कोणी नेलं नाय, तर पाहुण्यानं समजून घ्यायचं.

मी उभा राहिलो. पहिली पंधरा मिनिटं रुबाबात. एक बाई गेली, तिनं मला खालून वर बघितलं आणि पुढं गेली. दोन गडी आले, आपसात काय तरी बोलले, हसले, गेले. एक पोरगी थांबली, माझ्या हातांकडं बघून आईला म्हणाली, "आये, याचे हात किती मऊ." आईनं मान हलवली. म्हणजे नको.

अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं, की मी छाती पुढं काढून उभा हाय आणि कोणी आलं की बारीक हसतोय. हे हसणं मी बघितलेलं होतं. गिरणाऱ्याच्या चौकात शेवटी जे दोन-तीन जण उरतात, ते असंच हसतात. मला तेव्हा ते लोचट वाटायचे.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी पन्नाशीची एक बाई आली, डोक्यावर सरपण. मला बघून थांबली.

"दौलतशेठ ना तू?"

"हो! हो मावशी!" मला एवढा आनंद झाला, की मी तिची मोळी घ्यायला गेलो आणि मोळीच माझ्या पायावर पडली.

"चल," ती म्हणाली. "मी घेते तुला. कोणी घेणार नीही."

ही हिरामावशी. तिनं मला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. चटणीत मिरची इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं मला गहिवरून आलं. मी तसंच वाटू दिलं. पाणी द्यायला ती वाकली तेव्हा दिसलं, तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नखच नाय.

"काय लागलं मावशी?"

"तुझे टमाटे लागले," ती म्हणाली.

मला वाटलं विनोद हाय, मी हसलो. कोणी हसलं नाय. मग तिनं सांगितलं. मागच्या सालात टमाट्यांचा तोडा होता. मी म्हणालो होतो, दहाच क्रेट राहिलेत, भरून द्या. भरून देईपर्यंत अंधार पडला. हरसूलची शेवटची एसटी नाशिकहून साडेपाचला सुटते आणि सव्वासहाला गिरणाऱ्यात येते. ती गेली. मी म्हणालो, "जवळच तर हाय." सहा बाया चालत आल्या. चढात हिरामावशीचा अंगठा दगडाला फुटला.

ते दहा क्रेट मला आठवत होते. बाया आठवत नव्हत्या. त्या रात्री मी पाठ दुखते म्हणून मंदाकडून बाम चोळून घेतला होता, तेही आठवत होतं.

जेवण झाल्यावर काळूबाबाच्या अंगणात सगळे बसले. मी परिषद सांगितली. नऊ देश, विमान, न्याय.

काळूबाबानं विचारलं, "तिथं गिरणाऱ्याचे शेतकरी येणार काय?"

"नाय बाबा. परदेशी लोक."

"मंग त्यांना सांगून काय होईल?"

"मी हाय ना गिरणाऱ्याचा," मी ऐटीत म्हणालो. बोललो आणि समजलं, की आपण आपल्याच पायावर मोळी पाडून घेतली.

"मंग तुलाच सांगतो, नाशिकला कशाला जायचं?" बाबा म्हणाला. "आमचं एकच. ज्यानं सकाळी नेलं, त्यानं सहाच्या आत चौकात आणून सोडायचं. बसच्या आधी. बोल, सोडशील?"

एवढंच होतं हो. हो म्हणायला तोंड उघडायचं होतं फक्त. पण माझ्यासमोर पिकलेले टमाटे आले, भरायचे राहिलेले क्रेट आले. आणि मी काय बोललो ते ऐका. म्हणलं, "बाबा, माझ्या एकट्याच्या हो म्हणण्यानं काय होतंय? बाकीचे शेतकरी नाय सोडणार, मी एकटाच मागं राहीन. हे सगळ्यांनी मिळून ठरवायला पाहिजे. मोठ्या सभेत. म्हणून तर नऊ देश बोलावलेत."

मला स्वतःचं कौतुक वाटलं. दुसरी नापास माणूस, आणि बोललो कसा, मंत्र्यासारखा.

काळूबाबा काठी टेकून उठला. मग हिरामावशीला म्हणाला, "तू घेतलंस त्याला, तूच जा."

पुन्हा गंगापूर रोड

परिषदेचा हॉल गार होता. उन्हाळा नसताना एसी लावलेला. स्टेजवर माझ्याच झेंडूच्या माळा. पत्रिकेत हिरामावशीचं बोलणं चार वाजता होतं. मी तिला म्हणलं, चार म्हणजे लय झालं, साडेपाचच्या बसला आरामात पोचशील. ती नवीन लुगडं नेसून आली होती. प्रत्येक देशानं तिच्याबरोबर फोटो काढला. एका पाहुणीनं तिच्या गोंदणाला हात लावून बघितला, तर मावशीनं तिच्या कानातलं ओढून बघितलं. फिटंफाट झाली.

सगळ्यात मोठे पाहुणे हॉलंडचे होते. ताडमाड उंच, माइक त्यांच्या पोटाशी येत होता. ते इंग्रजीत बोलायचे, सर मराठीत सांगायचे आणि मी ते मावशीला आणखी सोपं करून सांगायचो. म्हणजे तिसऱ्या चाळणीतून पडेल तेवढं.

पाहुणे म्हणाले, दोन देश करार करतात तेव्हा एकाला थांबता येतं आणि दुसऱ्याला थांबता येत नाय. एकाकडं कोठार भरलेलं असतं, दुसऱ्याला आजच माल विकायला लागतो. मग कागदावर दोघांची सही असली, तरी तो करार दोघांचा नसतो. थांबू शकणाऱ्यानं थांबू न शकणाऱ्यावर लादलेला असतो. न्याय करायचा असेल, तर आधी विचारा, यात थांबता कोणाला येत नाय?

मला गिरणाऱ्याचा चौक दिसायला लागला. वाटलं, हा गडी कधी आमच्याकडं टमाटे तोडायला येऊन गेला की काय.

हिरामावशी म्हणाली, "माणूस शाहणा आहा."

"लय शाहणा हाय."

"मंग याचं कधी संपल?"

साडेतीनला संपायचं ते सव्वाचारला संपलं. मग दुसऱ्या देशानं त्याला उत्तर दिलं, मग चहा झाला, मग तिसऱ्या देशानं, चहा झाला म्हणून, पहिल्यापासून सांगितलं. मी सरांकडं गेलो. सर म्हणाले, "पाच चाळीसला घेतोय त्यांना. समारोपाआधी. मानाची जागा आहे ती, दौलतराव!"

मी येऊन सांगितलं, "मावशी, मानाची जागा हाय."

"बस किती वाजता आहा?"

"साडेपाच."

पाच वाजता ती उठली. चौथा देश बोलत होता. सरांनी स्टेजवरून बसा-बसा असा हात केला. ती मधल्या वाटेत उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मी आता थांबणार नीही. माझी बस आहा. सकाळी आणलं त्यानं सोडायला पाहिजे. कोण सोडतंय?"

सर गडबडले, मग त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण हॉलंडचे पाहुणे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. नऊच्या नऊ देश उभे. मला पुढं सरांनी समजावलं, पाहुण्यांना वाटलं ती बस म्हणजे इतिहासाची बस. सकाळ म्हणजे साम्राज्य. गरीब देशांना ज्यांनी वाटेवर आणून उभं केलं, त्यांनी आता मुक्कामाला पोचवावं. तीन जणांनी ते वहीत लिहून घेतलं. कोणी उठून टेम्पोची चावी काढली नाय. चावी माझ्याच खिशात होती.

आम्ही दारापाशी पोचलो, तेवढ्यात एक कार्यकर्ता पळत आला. हातात वक्त्यांना द्यायची भेटवस्तू. टेबलावर ठेवायचं घड्याळ, वर पृथ्वीचा गोळा. "बाई तर पुढं निघाल्या, त्यांच्या वतीनं तुम्ही घ्या. फोटो काढतोय!"

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी घड्याळ बघितलं, त्यात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. सीबीएसचा बस स्टँड तिथून दहा मिनिटांवर. आणि तरी मी म्हणलं, "थांबा, कंगवा हाय का कोणाकडं?" सर खाली आले, हॉलंडवाले आले, त्यांची मान फोटोत बसेना म्हणून फोटोवाला खुर्ची आणायला गेला. मावशी बाहेर टेम्पोजवळ उभी होती. काचेतून दिसत होती. मी तिला हातानं खूण केली, एकच मिनिट.

सीबीएसला पोचलो तेव्हा बसचं नुसतं बूड दिसलं, सिग्नलला वळताना.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी, घड्याळ, हॉलंडचा अर्धा माणूस. खाली लिहिलेलं: आदिवासींची व्यथा मांडताना दौलतराव. मंदानं तो कापून ठेवला होता. मी मागून लपवून ठेवला.

पुन्हा पाडा

बस गेली, म्हणून त्याच संध्याकाळी मावशीला टेम्पोनं सोडायला गेलो. वाटेत ती काचेतून बाहेर बघत बसली. मी सूर्याबद्दल बोललो, रस्त्याबद्दल बोललो, हॉलंडबद्दल मला जे माहीत नव्हतं तेही बोललो. अंधार पडल्यावर दगडापाशी पोचलो. ती उतरून आत गेली. मी सवयीनं उभा राहिलो.

काळूबाबा काठी टेकत आला.

"ठरलं काय?"

"बाबा, नऊ देशांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"म्हंजे ठरलं?"

"म्हणजे... ठरलं असं नाय."

"मंग तू काय ठरवलं?"

मी म्हणलं, "बघू ना बाबा, बाकीच्यांना विचारून सांगतो."

बाबानं मान हलवली, रागावला नाय, आणि वळून गेला. मी बराच वेळ उभा होतो. चुलींचा धूर यायला लागला, नागलीच्या भाकरीचा वास यायला लागला. मला कोणी घेतलं नाय. समजून घेतलं आणि टेम्पो वळवला.

पुन्हा गिरणारे

प्रवास इथं संपला असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी तोड्याला माणसं आणायला चौकात गेलो. टमाटे असे लाल झाले होते, की आणखी दोन दिवसांत बोटानं फुटतील. टेम्पो लावला, उतरलो, म्हणलं, "चला, सहा जण."

कोणी हललं नाय.

"चला की! तू ये. तू ये."

ज्याला तू ये म्हणलं, तो मागं सरकला. बाकीच्या शेतकऱ्यांचे टेम्पो भरून जायला लागले. एकजण जाताना ओरडला, "काय दौलतराव, परदेशातून मजूर मागवा आता!" साडेआठ झाले. मी टेम्पोला टेकून उभा होतो, आणि कोणी जवळून गेलं की बारीक हसत होतो. थांबता न येणारा आता मी होतो. हॉलंडच्या माणसाला बोलवायला पाहिजे होतं, फोटो काढायला.

नऊच्या सुमाराला हिरामावशी पुढं आली. मागं पाच बाया. माझ्या हातांकडं तिनं बघितलंच नाय. टेम्पोच्या काचेतून आत बघितलं. ते घड्याळ मी समोर स्टेअरिंगजवळ ठेवलं होतं, पृथ्वीच्या गोळ्यासकट. गाडीला शोभा येते म्हणून.

"ते माझं ना?"

माझा चेहरा झेंडूसारखा झाला असणार. मी दार उघडलं, घड्याळ काढलं, शर्टानं पुसलं आणि पुढं केलं. "तुझंच हाय मावशी. द्यायचं राहून गेलं."

तिनं ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. कानाला लावलं. मग परत माझ्या हातात दिलं.

"ठेव तिथंच. आमच्या घरात कोणाला लागतं? पण घड्याळ माझं आहा. त्यात साडेपाच झाले, की मी क्रेट खाली ठेवणार. भरलेला असू दे, अर्धा असू दे. आणि तू टेम्पो चालू करणार."

मी बाकीच्या शेतकऱ्यांकडं बघितलं. विचारायला कोणी उरलं नव्हतं, सगळे निघून गेले होते. म्हणलं, "हो."

"सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं ना?" मावशी म्हणाली.

"नाय. माझं मीच ठरवलं."

"मंग चल," ती म्हणाली. "मी घेते तुला." आणि मागं वळून बायांना म्हणाली, "बसा गं."

त्या दिवशी साडेपाचला अकरा क्रेट भरायचे राहिले. मी टेम्पो चालू केला.